पाच वर्षांनी हे घड्याळ उघडणार कोण? फील्ड वॉच निवडतानाचा माझा अनुभव

ट्रेकला वेळ बघण्यासाठी फोन काढायचा नाही, हे मी केव्हाचं ठरवलं होतं. पावसात ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, थंडीत बॅटरी भराभर उतरते, आणि कळसूबाईच्या शिड्यांवर दोन्ही हात गुंतलेले असताना वेळ बघायची तर मनगटावरच. म्हणून ऑटोमॅटिक फील्ड वॉच घ्यायचं ठरलं. हात हलला की आतला रोटर फिरतो आणि स्प्रिंगला आपोआप चावी बसते. सेल नको, चार्जर नको. बरंच वाचून आणि दुकानांतून हातात घालून बघून शेवटी दोन घड्याळं उरली: जपानी सिको ५ स्पोर्ट्सचं ३९.४ मिलिमीटरचं फील्ड मॉडेल आणि स्विस हॅमिल्टन खाकी फील्ड ऑटो, ३८ मिलिमीटरचं. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या दुपटीच्या आसपास.

फील्ड वॉच म्हणजे मुळात सैनिकाचं घड्याळ. दुसऱ्या महायुद्धात एल्जिन, वॉल्थम आणि बुलोव्हा या कंपन्यांनी अमेरिकी सैन्यासाठी ए-११ या लष्करी मानकानुसार घड्याळं बनवली. काळी तबकडी, ठळक पांढरे आकडे, आणि चावी बाहेर ओढली की जागीच थांबणारा सेकंद काटा. तुकडीतल्या सगळ्यांची घड्याळं एकाच सेकंदाला जुळावीत म्हणून ती सोय. पुढे आतल्या बाजूला १३ ते २४ आकड्यांचं लहान वर्तुळ आलं. रेल्वेचं वेळापत्रक वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना ते फार सोयीचं आहे. १८:१० ची गाडी म्हटल्यावर मनात वजाबाकी करावी लागत नाही. माझ्या यादीतल्या दोन्ही घड्याळांत हे सगळं होतं.

आता स्विस की जपानी. या प्रश्नावर लोक फार तावातावानं बोलतात. मी खोलात जाऊ लागले तसा त्यातला बराचसा भाग गळून पडला. हॅमिल्टन जन्मानं अमेरिकन आहे. १८९२ साली पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावात ही कंपनी सुरू झाली. स्वॉच ग्रुप या स्विस घड्याळ-समूहाच्या छत्राखाली ती स्विस झाली. अंधारात चमकणाऱ्या रंगाचंही तसंच. स्विस घड्याळांवरच्या सुपर-लुमिनोव्हाचं मूळ जपानच्या नेमोतो कंपनीत आहे. रेडियम आणि ट्रिटियमची जागा घेणारा हा किरणोत्सर्ग नसलेला रंग त्यांनी १९९३ साली आणला. म्हणजे पहाटेच्या अंधारात स्विस काटे चमकतात, त्यामागे जपानी रसायनशास्त्र असतं. आणि स्विस घड्याळाचा सेकंद काटा जास्त गुळगुळीत सरकतो म्हणावं, तर या दोन्ही घड्याळांचे ठोके, म्हणजे आतल्या यंत्राची टिकटिक, तासाला २१,६०० आहेत. सेकंदाला सहा. काट्याची चाल सारखीच.

हे ठोके सारखे का, याचं उत्तर मला या सगळ्या शोधात सर्वात आवडलं. हॅमिल्टनमधलं एच-१० हे यंत्र ईटीए या स्विस यंत्र-कंपनीच्या ज्या २८२४ च्या घराण्यातून आलं, त्याचे ठोके तासाला २८,८०० होते. ते कमी केले, स्प्रिंगच्या डबीचा मधला दांडा बारीक करून तिथे जास्त लांबीची स्प्रिंग बसवली, आणि घड्याळ एका चावीत ८० तास चालू लागलं. सिकोमधलं ४आर३६ हे यंत्र चालतं ४१ तास. कागदावर हा फरक प्रचंड वाटतो. घरात त्याचा अर्थ असा की शुक्रवारी संध्याकाळी सातला घड्याळ काढून कपाटात ठेवलं, तर सिको रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला थांबेल आणि हॅमिल्टन मंगळवारी पहाटे तीनपर्यंत चालेल. ज्यांच्याकडे दोन-तीन घड्याळं आहेत किंवा जे फक्त सुट्टीच्या दिवशी हे घालणार आहेत, त्यांच्यासाठी हा मुद्दा निर्णायक आहे. मी एकच घड्याळ रोज घालणारी. मला ४१ तास पुरतात.

काचेत मात्र हॅमिल्टन सरळ पुढे. तिथे सफायर आहे, सिकोत हार्डलेक्स नावाची कडक केलेली खनिज काच. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर हात टेकत चढणाऱ्याला हे महत्त्वाचं. सफायरवर ओरखडा उठवणं धुळीला किंवा दगडाला जवळपास अशक्य. हार्डलेक्सवर कालांतरानं बारीक रेघा येणारच. उलट जोराचा फटका बसला तर सफायर तडकण्याची भीती जास्त, हार्डलेक्स तो फटका बऱ्यापैकी सोसते. माझ्या मते रेघांपेक्षा तडा वाईट, विशेषतः पुढचा मुक्काम लांब असेल तेव्हा. पण ज्यांना वर्षानुवर्षं नवी दिसणारी काच हवी, त्यांनी सफायरसाठी जास्तीचे पैसे खुशाल मोजावेत.

जाडीतही हॅमिल्टन उजवं. माझं मनगट बारीक आहे, आणि बारीक मनगटावर घड्याळाच्या व्यासापेक्षा वरच्या शिंगापासून (पट्टा जिथे अडकतो ती टोकं) खालच्या शिंगापर्यंतची लांबी आणि जाडी जास्त जाणवते. हॅमिल्टन बाहीखाली सहज सरकतं. सिको थोडं उंच बसतं. घड्याळ ऑनलाइन मागवण्याआधी एकदा दुकानात जाऊन हातात घालून बघाच. फोटोत हे कधीच कळत नाही.

अचूकतेबद्दल सिको स्वतःच स्पष्ट सांगतं: ४आर३६ दिवसाला ४५ सेकंद पुढे किंवा ३५ सेकंद मागे जाऊ शकतं. आकडा वाचून छातीत धस्स होतं, पण ती बाहेरची मर्यादा आहे. प्रत्यक्षात बहुतेक घड्याळं त्याच्या बरीच आत राहतात. एच-१० ची ख्याती याहून नेमकेपणाची आहे.

इथपर्यंत माझं मन हॅमिल्टनकडे झुकलं होतं. मग मी आमच्या भागातल्या जुन्या घड्याळजींकडे गेले. माझ्या वडिलांचं एचएमटी जनता त्यांच्याच हाताखालून जातं. (एचएमटीची घड्याळंही जपानच्याच सिटिझन कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं सुरू झालेली.) मी विचारलं, "काका, पाच-सात वर्षांनी या दोघांपैकी कुठलं तुमच्याकडे आणू?"

ते म्हणाले, "ताई, सिको डोळे झाकून आण. दुसरं कंपनीकडे पाठव."

कारणही त्यांनी नीट समजावलं. ४आर३६ चंच भावंड, एनएच३६, सिको इतर कंपन्यांना विकतं. त्यामुळे सुटे भाग मिळतात, आणि वेळ पडली तर अख्खं यंत्र बदलणंही खिशाला परवडतं. चाल जुळवायला आत नेहमीची रेग्युलेटरची दांडी आहे. एच-१० मध्ये ती दांडी नाही, आणि स्वॉच ग्रुपनं सुटे भाग बाहेर देणं वर्षानुवर्षं कमी करत आणलं आहे. म्हणजे सर्व्हिसिंग अधिकृत केंद्राकडेच, त्यांच्या दरानं. शिवाय सिको ५ हे नाव आपल्याकडे नवं नाही. १९६३ पासूनची ही मालिका. कोकणातल्या किती घरांत आखातातून आलेलं सिको ५ अजून चालतंय. त्या घड्याळांनी घड्याळजींचे हात तयार झाले आहेत.

मी सिको घेतलं.

घेताना मागच्या झाकणावरचा अनुक्रमांक पाहिला. सिकोत त्याचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिना. नोव्हेंबर आणि डिसेंबरसाठी अक्षरं. वर्षानुवर्षं काचेच्या कपाटात पडलेल्या घड्याळातलं तेल सुकत जातं, म्हणून ताजं मागायला लाजू नये. आणि स्वस्तात मिळतंय म्हणून जुनं सिको ५ घेणार असाल तर फार जपून. भडक रंगाची, नव्यानं रंगवलेल्या तबकडीची जुनी सिको आपल्याच देशातून इतकी विकली गेली आहेत की जगभरचे संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणून ओळखतात. आत कुठल्या कुठल्या घड्याळांचे भाग एकत्र केलेले असतात, ते देवालाच ठाऊक. तबकडीवरची छपाई जाड, पसरलेली दिसली की बाजूला ठेवा.

सुरुवातीचे काही आठवडे मी रोज सकाळी फोनवरच्या वेळेशी घड्याळ ताडून वहीत लिहीत होते. रात्री तबकडी वर करून ठेवलं तर एक चाल, चावी खाली करून उभं ठेवलं तर दुसरी. दिवसा जेवढं पुढे जातं, तेवढं मागे नेणारी स्थिती सापडली की घड्याळ न उघडता आठवडाभर वेळेला धरून राहतं. वार आणि तारीख मात्र रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान बदलू नये. त्या वेळी आतली चाकं तारीख ढकलायच्या तयारीत असतात आणि जबरदस्ती केली तर दाते तुटू शकतात.

पट्टा मी लगेच नायलॉनचा केला. चामडं आपल्या पावसात टिकत नाही, वास धरतं. एकाच सलग पट्टीचा, घड्याळाच्या पाठीमागून जाणारा पट्टा घ्या. एका बाजूची पिन निसटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर मनगटालाच राहतं, दरीत जात नाही. भिजला की धुवायचा, पिळायचा, सॅकला अडकवून वाळवायचा.