दोन माध्यमं, एक प्रश्नावली

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात किशोरवयीन मुलांच्या मनःस्वास्थ्याचा अभ्यास करायचा, तर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांच्या शाळा घ्याव्याच लागतात. मग एक गट मराठी प्रश्नावली सांभाळतो, दुसरा कन्नड, आणि शेवटी सगळे गुण एकाच तक्त्यात येतात. घोळ तिथेच होतो.

एसडीक्यू ही मुलांच्या भावना आणि वागण्यातल्या अडचणी मोजणारी प्रश्नावली घ्या. 25 विधानं, प्रत्येकाला 0, 1 किंवा 2 गुण. अडचणींच्या चार भागांची बेरीज 0 ते 40. इतरांशी आपुलकीने वागण्याचा पाचवा भाग त्यात धरत नाहीत. पाच विधानांचे गुण उलटे मोजायचे असतात. ते विसरलं, की 'एक तरी चांगला मित्र आहे' म्हणणारं पोरच एकाकी ठरतं.

ही चूक निदान सापडते. भाषेची सापडत नाही. समजा, मराठी माध्यमाची सरासरी 2 गुणांनी जास्त आली. मुलांना त्रास जास्त, की वाक्यच वेगळं कळलं? (आपल्याकडे अशा आकड्याची बातमी व्हायला संध्याकाळही लागत नाही. त्यामुळे ही तपासणी होईपर्यंत माध्यमांची तुलना छापायची नाही, हे दोन्ही गटांनी आधीच लिहून ठेवावं.)

उपाय आपल्याच गल्लीत आहे: दोन्ही भाषांत वावरणारी मुलं. बाजारात कन्नड बोलता येणं मात्र पुरेसं नाही. आधी दोन्ही लिपींतला एकेक उतारा वाचून घ्यावा. मग अर्ध्या मुलांना पहिल्यांदा मराठी, अर्ध्यांना कन्नड द्यायची आणि दोन आठवड्यांनी अदलाबदल करायची. एसडीक्यू गेल्या सहा महिन्यांबद्दल विचारते, म्हणून एवढं अंतर चालतं. पीएचक्यू-9 ही नैराश्याची लक्षणं मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली गेल्या दोनच आठवड्यांचं विचारते; तिथे मूलच मधल्या काळात बदललेलं असू शकतं. ताळा एकेका विधानाचा करायचा, कारण बेरजेत एका विधानाची वाढ दुसऱ्याची घट झाकून टाकते.

अधिकृत मजकुरातले शब्द मनाने बदलायचे नाहीत. मुलांनी अर्थ विचारला तर काय सांगायचं, ते दोन्ही भाषांत लिहून ठेवावं आणि तेवढंच वाचून दाखवावं. नाहीतर प्रत्येक वर्गात वेगळीच प्रश्नावली भरली जाते.

पालकांचं संमतिपत्र पालकांना वाचता येईल त्या भाषेत, शाळेच्या माध्यमात नव्हे. मुलाची संमती वेगळी. गैरहजर मुलांसाठी दुसरी फेरी हवीच. शाळा चुकवणाऱ्यांतच अडचणीतली मुलं जास्त असण्याचा संभव.

पीएचक्यू-9 मधला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. कागद शिक्षकांकडे द्यायचे नाहीत. शाळेतून निघण्याआधी सगळे चाळायचे. नवव्या प्रश्नाला 0 सोडून काहीही असेल, तर आधीच ठरवलेल्या समुपदेशकाने त्याच दिवशी मुलाशी एकट्याने बोलायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक सगळ्यांनाच द्यावा, पण क्रमांक दिला म्हणून ही भेट टळत नाही. गुप्ततेला एवढा अपवाद आहे, हे मुलांना भरण्याआधी सांगावं लागतं. आणि कागद पूर्ण निनावी घेतले, तर ते मूल शोधणार कसं? म्हणून कागदावर फक्त सांकेतिक क्रमांक, आणि नावांची यादी एकाच माणसाकडे, कुलपात.