भिंतीच्या पोटातल्या विटा

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतलं ते घर बघायला गेलो, तोवर मागची बाजू उतरवून झाली होती. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत पंचगंगा त्या घरात मुक्काम करून गेलेली. स्वयंपाकघराच्या भिंतीला पोट आलेलं. घर दुरुस्त होतंय की पाडायलाच हवं, एवढं लेखी देणं माझं काम. निकाल मालकानं आधीच लावला होता, सही तेवढी माझी हवी होती.

मिस्त्रींनी गिलावा खरवडला आणि हात थांबवला. "साहेब, ही वीट वायली हाय."

टेप लावली. सतरा इंच लांब, नऊ इंच रुंद, तीन इंच जाड. आजूबाजूला एका हातात मावणाऱ्या नेहमीच्या विटा आणि मधूनच या, पाटासारख्या. एक तुटकी उन्हात धरली. आत बारीक पोकळ्या, प्रत्येकीचा आकार भाताच्या तुसाचा. मातीत मळलेला तूस भट्टीत जळून गेला, ठसा तेवढा राहिला. एका ठशात तर तुसावरच्या रेघासुद्धा दिसत होत्या. मी तो तुकडा बराच वेळ हातात फिरवत बसलो, मिस्त्री चहा पिऊन आले तरी.

एवढी मोठी, तूस घातलेली वीट म्हटली की सातवाहनकाळ आठवतो. आणि ब्रह्मपुरीचं टेकाड तिथून चालत जाण्याएवढं जवळ. १९४५-४६ साली पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि दीक्षितांनी तिथं उत्खनन केलं, सातवाहनकाळची वस्ती उजेडात आणली. त्याच टेकाडातली पोसायडनची, म्हणजे रोमन जगातल्या समुद्रदेवाची, छोटी कांस्यमूर्ती आपल्या टाउन हॉल संग्रहालयाची शान. आपण वास्तुकार मँटसाहेबाच्या त्या इमारतीचं दगडकाम मान वर करून बघतो. इथं मात्र फोडणीच्या धुरानं काळी झालेली भिंत.

"आजी, या विटा कुठल्या?"

"टेकावरच्या. सासरं सांगायचं, घर बांधताना बैलगाडीनं आणल्या. पडूनच असायच्या म्हणं तिथं." मग जरा थांबून, "का रं बाळ, वाईट हाईत व्हय?"

मी पुरातत्त्ववाला नव्हे. अहवालात मापं लिहिली, फोटो जोडले. 'बांधकामाचे वर्ष' या रकान्यात मालकानं सांगितलेलं साल टाकताना मात्र पेन अडलं. भिंत टिकण्यासारखी नव्हतीच, तेही लिहिलं. अख्ख्या विटा वेगळ्या काढायला लावल्या. अकरा निघाल्या.

मागची बाजू आदल्या दिवशी उतरवलेली, तिची खरमाती तीन ट्रॉल्या भरून गेली होती. ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला.

"त्यात मोठ्या विटा होत्या काय हो?"

"हुत्या की. फुटंनात, लई तरास झाला."

"टाकल्या कुठं?"

"प्लॉटात भर घातली साहेब. कंच्या प्लॉटात, ते आता ध्यानात न्हाई. काल चार ठिकाणी गेलतो."