उकिडवं बसल्यावर दिसलेला क्लोरीन

क्लोरीन मी इतकी वर्षं फळ्यावरच शिकवला. आमच्या प्रयोगशाळेत वायू बाहेर ओढून घेणारं कपाट नाही. खिडक्या दोन, त्यातली एक गंजून घट्ट बसलेली. तिथे दहावीच्या चाळीस मुलांसमोर क्लोरीन तयार करायची हिंमत मी कधी केली नाही आणि करणारही नाही. मग 'पिवळसर हिरवा, उग्र वासाचा, हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड' एवढं सांगायचं, मुलांनी ते वहीत उतरवायचं. शेले यांनी तो 1774 मध्ये वेगळा केला, तो मूलद्रव्य आहे हे डेव्ही यांनी 1810 मध्ये सांगितलं, हेही उतरवायचं. पण 'जड वायू' म्हणजे खोलीत नेमकं काय होतं, हे वहीतून कळत नाही.

म्हणून माझा एक जुना विद्यार्थी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना, "बाई, व्हीआर गेम करायचाय, विषय द्या" म्हणत आला तेव्हा मी त्याला क्लोरीनच दिला. व्हीआर म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जागेत वावरायचं. तपासाची गोष्ट मी लिहिली. लग्नाच्या दिवशी पहाटे मंगल कार्यालयाच्या मागच्या संडासात सफाई करणारी बाई बेशुद्ध सापडते. बंद खिडकी, उलटलेली बादली, फाटलेली पिशवी, लेबल नसलेली पिवळट द्रवाची बाटली. संशयित तीन: आदल्या रात्री तिच्याशी भांडलेला आचारी, पैसे थकवलेला ठेकेदार, चावी जवळ असलेला वॉचमन.

पुरावे तपासायचे ते खऱ्या रसायनशास्त्राने. बाटलीतला द्रव निळा लिटमस लाल करतो. तोच द्रव शहाबादी फरशीवर सांडलाय तिथे बुडबुडे येतात, कारण शहाबादी म्हणजे चुनखडी आणि आम्लाने तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पांढरा अवक्षेप, तो अमोनियात विरघळतो; म्हणजे क्लोराइड. बाजारातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड लोहाच्या अंशामुळे पिवळट असतं, तोही धागा ठेवला होता. पिशवीतली पावडर पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चचा ओला कागद काळानिळा करते. एवढं जुळलं की 'घटनेची वेळ' हे बटण उघडतं, आणि तपासणीचा चष्मा घातला की एरवी विरळ असल्यामुळे न दिसणारा वायू रंगात दिसतो.

खेळ तयार झाल्यावर एका शनिवारी मुलं दोन हेडसेट मागून घेऊन आली. आम्ही बाकं भिंतीला सारली आणि खडूने दोन मोठी वर्तुळं काढली. एकाने आत जायचं, बाकी चौघांनी पडद्यावर बघत नोंदी करायच्या. पहिल्या तासातच एक मुलगा घेरी येते म्हणाला. डोळ्यांना चाल दिसते आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण जागेवरच उभे आहोत, त्या विसंगतीने मळमळतं. मग हातातल्या कंट्रोलरची काठी ढकलून चालायचं बंद केलं. बोटाने जागा दाखवायची आणि थेट तिथे पोचायचं. त्यानंतर कुणाला त्रास झाला नाही. तेल लावलेल्या केसांवरून पट्टा घसरत होता, तो दर वेळी पुसून घट्ट करायला एक मुलगी नेमली.

तीन गटांनी चाचण्या बरोबर केल्या आणि ठेकेदाराला पकडलं. चौथ्याने आचाऱ्याला. सगळे जण खोलीच्या मध्यभागी उभे राहून बघत होते. चष्म्यातून गुडघ्याच्या खालीच पिवळट थर दिसायचा आणि मुलं म्हणायची, "एवढ्याने काय होतंय? तोंडापर्यंत तरी कुठे आलाय?" तर्क चुकीचा नव्हता. मला त्यांना काही सुचवायचं नव्हतं, मी गप्प राहिले.

पाचव्या गटातून जी मुलगी आत गेली ती वर्गात फारशी बोलत नाही. तिने चाचण्या भराभर उरकल्या, घटनेची वेळ उघडली, चष्मा घातला आणि बादलीशेजारी उकिडवी बसली. खरोखर, प्रयोगशाळेच्या फरशीवर. उजवा हात ब्रश धरल्यासारखा पुढे-मागे केला. पडद्यावरचं सगळं दृश्य पिवळं झालं. तिचं डोकं थराच्या आत होतं.

"बाई, ती उभी नव्हती," ती आतूनच म्हणाली. "घासताना कोण उभं राहतं?"

वर्गात आवाज नाही. तिने वळून बादलीत पाहिलं, पावडर पाहिली, बाटली पाहिली. खेळ विचारत होता, 'गुन्हेगार कोण?' तिने तिघांपैकी कुणालाच हात लावला नाही. हेडसेट काढला. कपाळावर पट्ट्याचा वळ उठला होता.

"माझी आई रोज असंच करते. टीसीएल टाकते, वरून ॲसिड. दोन्ही मिळून लवकर निघतं म्हणते. रात्री खोकत बसते. आम्हाला वाटायचं धुळीची ॲलर्जी आहे."

टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर. ग्रामपंचायत पिण्याच्या पाण्यात टाकते तीच. तिच्यावर ॲसिड पडलं की क्लोरीन सुटतो. नाकातल्या, छातीतल्या ओलाव्यात तो विरघळून पुन्हा आम्ल तयार होतं आणि आतून जाळतं. जास्त गेला तर फुप्फुसात पाणी भरू शकतं, कधी कधी काही तासांनी. हे सगळं मला माहीत होतं. मी ते खेळातल्या प्रकरणात लिहिलंही होतं. पण बसलेल्या माणसाचं नाक फरशीपासून किती उंचीवर असतं, हा विचार गोष्ट लिहिताना माझ्या मनात आला नव्हता. तो त्या मुलीकडे होता, रोज बघून आलेला.

पुढचं सत्र मी थांबवलं. त्याच संध्याकाळी तिच्या आईला फोन केला. सोमवारी त्या कामावरून सुटून थेट शाळेत आल्या, पिशवीत कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीतलं ॲसिड घेऊन. मुलीने गॉगल आणि हातमोजे घालून आईसमोर लिटमस बुडवून दाखवला, शहाबादीच्या तुकड्यावर दोन थेंब टाकले. फेस आलेला बघून आई म्हणाली, "फरशीचं असं, तर माझं काय होत असेल?"

मी म्हटलं, "ताई, आधी सरकारी दवाखान्यात छाती तपासून घ्या. हे रोज हुंगताय ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा."

त्यांनी मान हलवली, मग विचारलं, "बाई, मग आधी कुठलं वापरू? टीसीएल का ॲसिड?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्या खेळात कुठेच नव्हतं. मी सांगितलं, एका दिवशी एकच. दुसरं त्या दिवशी उघडायचंसुद्धा नाही, आणि आदल्या दिवशीचं भरपूर पाण्याने धुऊन गेलेलं हवं. बाजारातल्या बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्येही हेच ॲसिड असतं, तेही पावडरवर नको. दार-खिडकी उघडी ठेवायची. उग्र वास आला की वाकून बघत बसायचं नाही; तडक बाहेर मोकळ्या हवेत यायचं.

मुलीने स्केचपेनने बाटलीवर मोठं 'ॲसिड' लिहिलं. आई बघत होती. "आम्ही तिघी आहोत तिथं," त्या म्हणाल्या, "दोघींना वाचता येत नाही." आणि पिशवीत हात घालून त्यांनी लाल चिंधी काढली, बाटलीच्या गळ्याला दोन गाठी मारून घट्ट बांधली.