तांबट भुजंगप्रयातात बसत नाही

होळीनंतर हाती घेतलेली पक्ष्यांवरच्या कवितांची मालिका अजून अर्धवटच आहे, पण भुजंगप्रयात या वृत्ताचा टप्पा आटोपला, म्हणून ही नोंद. ठरवलं होतं ते असं: एका पक्ष्याला दोनच ओळी, सगळ्या एकाच वृत्तात, आणि स्वतः न पाहिलेलं काही लिहायचं नाही. यातली मधली अट आधी मोडली, आणि ती पक्ष्यांनीच मोडली.

भुजंगप्रयात म्हणजे चार य-गण, लगागा चार वेळा, बारा अक्षरं. (ल म्हणजे लघू, ऱ्हस्व अक्षर; गा म्हणजे गुरू, दीर्घ किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात आलेलं.) मनाचे श्लोक कानावरून गेलेल्या माणसाला ते वेगळं शिकवावं लागत नाही. यात दोन लघू कधी शेजारी येत नाहीत आणि तीन गुरूही सलग येत नाहीत. एवढ्यावरच पक्ष्यांची वाटणी होते. कावळा, पारवा, कोकिळा हे गालगा, म्हणून आत. शिंजीर गागाल, तोही आत. खंड्याला कसलीच अडचण नाही. चिमणी आणि टिटवी ललगा, म्हणून बाहेर. बुलबुल तर चारही अक्षरं लघू. साळुंकीत तीन गुरू. आणि ज्याच्या एकसारख्या ठोक्यासाठी मी हे वृत्त निवडलं तो तांबट? गालल. बाहेर! विभक्ती लावून ‘तांबटाची’ केलं तर बसतो, एरवी नाही.

म्हणून पहिला खर्डा असा उतरला:

उन्हाच्या दुपारी कुणी हाक मारी
जणू तांबटाची हतोडीच वाजे

(नव्याने येणाऱ्यांसाठी: ‘उन्हाच्या’मधला उ लघूच. न्ह, म्ह, ल्ह यांचा मागच्या अक्षरावर आघात येत नाही. तसंच ‘दुसऱ्या’मधला स लघू, पण ‘दर्या’सारखा रफार आला की मागचं अक्षर गुरू.)

लगावलीत, म्हणजे लघू-गुरूंच्या क्रमात, काही खोट नाही. पण दुसरी ओळ पाहा. ‘जणू’ भरीचा, म्हणजे नुसती जागा भरायला आलेला, ‘हतोडीच’मधला ‘च’ भरीचा, आणि हातोडीची उपमा तर पक्ष्याच्या नावातच आहे, तिच्यात माझं काय? वृत्तात लिहिताना भर कुठे पडते यावर मी हल्ली बारीक लक्ष ठेवून आहे. जिथे ‘जणू’, ‘तो’, ‘गे’, ‘परी’, ‘च’ येतात, तिथे बहुतेक वेळा मी नीट पाहिलेलं नसतं. मात्रा मोजून ती जागा भरत नाही. बाहेर जाऊन पुन्हा पाहावं लागतं.

मागच्या शेवग्याच्या वाळक्या फांदीवर तांबट बसतो. दुर्बीण लावली तर दिसलं की ओरडताना याची चोच मिटलेलीच असते. गळ्याची कातडी फुगते, बसते, फुगते, आणि प्रत्येक ‘टुक’ला डोकं हलतं. शिवाय मान या बाजूची त्या बाजूला वळत असते, त्यामुळे आवाज नक्की कुठून येतोय ते कळत नाही. म्हणजे पहिल्या ओळीतला ‘कुणी’ भरीचा वाटला तरी भरीचा नव्हता. तो ठेवला. दुसरी ओळ झाली: ‘मिटे चोच त्याची, गळा फक्त बोले’. इथे ‘त्याची’ पुन्हा भर, आणि त्यातल्या जोडाक्षरामुळे आधीच्या ‘च’वर आघात धरायचा की नाही हा वाद वेगळाच. चोच जाड, काळी असते. काळी! दोन गुरू, जागेवर नेमके.

राहिलं ‘मारी’, ‘मिटे’, ‘बोले’ यांचं. ही रूपं वृत्तात पटकन बसतात, म्हणूनच ती धोक्याची. दोन ओळींत अशी तीन क्रियापदं आली की शंभर वर्षांपूर्वीची कविता वाचल्यासारखं वाटतं. सध्याचा पाठ:

उन्हाच्या दुपारी कुणी हाक देतो
मुकी चोच काळी, गळा बोलताना

तांबट ओळींत कुठेच नाही, तो शीर्षकात गेला. ‘मुकी’बद्दल मी अजून साशंक आहे. एका मित्राच्या मते तो शब्द हळवा आहे, आणि त्याचं म्हणणं मला पटत चाललंय.

एक सवय मात्र कामाची ठरली. प्रत्येक पाठ फोनवर दोनदा रेकॉर्ड करायचा, एकदा चालीत आणि एकदा साध्या बोलण्यात. चालीत ‘बोलताना’तला ल पूर्ण ऐकू येतो, बोलण्यात तो ‘बोल्ताना’ होतो आणि वृत्ताचं एक अक्षर गळतं. पण चालीशिवाय ज्या ओळीत काही उरत नाही, ती ओळ मी काढून टाकतो. मनाच्या श्लोकांची चाल कशालाही भारदस्त करते, वाणसामानाच्या यादीलासुद्धा.

ऱ्हस्व-दीर्घाची सूट मी घेत नाही. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनीही पद्यात कवीला ती मोकळीक दिलेली आहे, आणि ज्यांनी घेतली त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण ‘आणी’ लिहिलं की दुरुस्ती तिथेच थांबते, असा माझा तरी अनुभव आहे.

बाहेर राहिलेल्यांसाठी मात्रावृत्ताकडे वळलो, तिथे अक्षरांऐवजी मात्रा मोजतात. पादाकुलक, आठ आणि आठ, सोळा मात्रा. दोन लघूंची किंमत एका गुरूएवढी, त्यामुळे चिमणी, टिटवी, बुलबुल सगळे मुकाट्याने आले. ‘चिमणी बसते तारेवरती’ ही ओळ लगेच सुचली आणि लगेच खटकली, कारण ‘वर’चं ‘वरती’ केवळ दोन मात्रांसाठी झालेलं. आता असं आहे:

चिमणी बसते तारेवर अन्
तार जराही वाकत नाही

ही मी आता हलवणार नाही.

सध्या भारद्वाज चालू आहे. गागागाल, म्हणजे शार्दूलविक्रीडित वृत्ताच्या तोंडाशी जसाच्या तसा बसतो. मंगलाष्टकांची ओळखीची चाल, आणि दर्शन शुभ मानलेला पक्षी, हेही जुळतं. यतीपर्यंतची, म्हणजे ओळीतल्या थांब्यापर्यंतची, बारा अक्षरं झाली: ‘भारद्वाज निघे हळूच गवती’. पुढच्या सातांत कुंपण हवंय, कारण तो खरोखर तिथूनच निघतो. ‘त्या कुंपणापासुनी’ हे चपखल बसतं, पण ‘त्या’ भरीचा आणि ‘पासुनी’ जुनाट. कुणाला काही सुचलं तर कळवा. ‘कुंपण’ गालल आहे, एवढं लक्षात ठेवा.