तुम्ही विचारलंत म्हणून: डीआय असताना ॲम्प कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि एकदाच काय ते सविस्तर लिहितेय, कारण हा प्रश्न मला नवीन बेस गिटार शिकणारे विचारतात, गिटारिस्ट विचारतात, साउंडवाले तर केबल गुंडाळता गुंडाळता विचारतात. बेस डीआय बॉक्स नावाच्या छोट्या डबीतून थेट मिक्सरला जातो, लोकांना पीएतून, म्हणजे हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून ऐकू येतो, तुझ्या कानात इन-इअर, म्हणजे मॉनिटरचे इअरफोन असतात, मग हा ॲम्प आणि वर दोन कॅब, म्हणजे स्पीकरच्या पेट्या, कशाला वाहून नेतेस? आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं की लगेच पुढचा, बरं ते जाऊ दे, कुठल्या कंपनीचा घेऊ ते सांग.

कंपनीचं आधी सांगून टाकते, कारण त्यात माझं मत पक्कं आहे असं सगळ्यांना वाटतं आणि ते तसं नाहीये. ॲम्पेग या बेस ॲम्पच्या कंपनीचं नाव घेतलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर तो दहा इंची आठ स्पीकरचा उंच कॅब येतो, ज्याला सगळे फ्रिज म्हणतात. त्यावर बसणारा एसव्हीटी हा ॲम्प आला १९६९ साली, जुन्या काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवरचे ३०० वॉट, आणि त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सनी तो अमेरिकेच्या दौऱ्यावर नेला. तेव्हा बेस आजच्यासारखा पीएत जात नव्हता, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं ते स्टेजवरच्या ॲम्पनेच. म्हणजे ते यंत्र ज्या कामासाठी बनलं ते काम आज पीए करतं, कंपनीचे मालक मधल्या काळात बदलत गेले, २०१८ पासून ती यामाहाकडे आहे, तरी नाव काही उतरलेलं नाही. उलट एसडब्ल्यूआर ही दुसरी कंपनी बघा. बेसच्या कॅबमध्ये ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचा लहान स्पीकर, घालून स्वच्छ आवाज काढायची सवय लावणाऱ्यांमधलं ते मोठं नाव, फेंडरने २००३ मध्ये ती कंपनी घेतली आणि पुढे ते नाव बाजारातून गेलंच. आज नव्या मुलांना ते माहीतही नसतं. त्यामुळे ‘ही कंपनी भारी, ती टुकार’ असं कोणी ठामपणे बोलायला लागलं की मी विचारते, कुठल्या सालातली, कुठलं मॉडेल, आणि तू ते बँडमध्ये वाजवलंयस की घरी एकट्याने?

बेसवादक जॅको पास्टोरियसमुळे अकूस्टिक ३६० चं नाव अजून निघतं, १८ इंची स्पीकरवाला तो ॲम्प. पण जॅकोचा आवाज ब्रिजच्या पिकपजवळ वाजवणाऱ्या त्याच्या उजव्या हातातून येत होता, तो ॲम्प दुसऱ्या कोणाला जोडून दिला म्हणून जॅको ऐकू येणार नाही. दुसरा मोठा बेसवादक जेम्स जेमर्सन, त्याचं नाव ॲम्पेगच्या बी-१५ या ॲम्पशी जोडलेलं आहे, लोक तो शोधत फिरतात, आणि मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत त्याचा बेस बऱ्याचदा ॲम्पशिवाय थेट कन्सोललाच, म्हणजे स्टुडिओच्या मिक्सरलाच, जात होता. आता हे उदाहरण माझ्याच विरोधात जातं हे मला कळतंय. जेमर्सनला चाललं तर तुला का नाही, असं मला तोंडावर विचारलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच की स्टुडिओत गडबड झाली तर दुसरा टेक घेता येतो.

पूर्वी मी स्वतः ट्यूबचीच बाजू घेऊन भांडायचे. ट्यूबचा एक वॉट साध्या तीन वॉटांच्या बरोबरीचा, असं मी छातीठोकपणे सांगायचे. वॉट हा वॉटच असतो, त्यात तीनपट काही नाही. पण ट्यूब ॲम्प मर्यादेपर्यंत ताणला तर तो हळूहळू दबतो आणि फाटतानाही गोड फाटतो, म्हणून आपण तो तिथपर्यंत नेतो. ट्रान्झिस्टरवाला त्या टोकाला कर्कश होतो म्हणून आपण बऱ्याच आधी थांबतो, त्यामुळे एकाच आकड्याचे दोन ॲम्प शेजारी ठेवले तर ट्यूबवाला मोठा वाटतो. तेव्हाच्या मला आकडेमोड माहीत नव्हती पण तिच्या कानाला जे ऐकू येत होतं ते खोटं नव्हतं. आज माझ्याकडे हातात सहज मावणारं क्लास डी हेड आहे, म्हणजे स्पीकरशिवायचा हलका, बिनट्यूबचा ॲम्प, आणि बारा इंची स्पीकरचे दोन कॅब. जुन्या ओळखीचे भेटले की म्हणतात, बदललीस तू. पाठ दुखते म्हणून बदलले, मतं तशीच आहेत बरीचशी.

आणि वॉट मोजणाऱ्यांना एक सांगते, ३०० चे ६०० केले तर आवाज वाढतो ३ डेसिबल, म्हणजे फरक कळतो इतकाच. दुप्पट मोठा वाटायला दहापट पॉवर लागते. त्यापेक्षा दुसरा कॅब जोडा, हवा ढकलायला स्पीकर जास्त हवेत. लहान कॅब, खोल बेस आणि मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच मिळतात, हॉफमनचा नियम म्हणतात त्याला, आणि कुठल्याही कंपनीचं स्टिकर लावून तो चुकवता येत नाही. तो फ्रिजसुद्धा ॲम्पेगच्याच आकड्यांप्रमाणे ५८ हर्ट्झच्या खाली कमजोर पडायला लागतो, आणि आपली सगळ्यात जाड ई तार आहे ४१ हर्ट्झची. तरी तो भरदार वाटतो कारण आपण ऐकतो ते मुख्यतः ८२ हर्ट्झ, म्हणजे ४१ च्या दुप्पट, आणि त्याच्या वरचं. बेस म्हणजे नुसतं खालचं नव्हे, हे मी बँडमधल्या प्रत्येकाला सांगून दमलेय. ‘बेस ऐकू येत नाही’ म्हटलं की साउंडवाला बेसचा नॉब वर करतो, खोली घुमते आणि बेस अजूनच ऐकू येईनासा होतो. ऐकू यायला मिड, म्हणजे मधल्या पट्ट्यातला आवाज, हवा. घरी एकटं वाजवताना मिड खाली घेतले की आवाज फार सुंदर लागतो आणि ड्रम सुरू झाले की तोच आवाज गायब. आणि निम्म्या वेळा खरा उपाय माझ्या ॲम्पवर नसतोच, तो गिटारिस्टच्या ॲम्पवरच्या बेस नॉबवर असतो.

आता मूळ प्रश्न.

एक बँड होता, नाव नको. मोठा हॉल, मोठा पीए, आणि गिटारिस्टने आधीच्या आठवड्यापासून लावून धरलेलं, अगं कशाला तो ॲम्प, स्टेज मोकळं राहील, साउंड क्लीन येईल, सगळे इन-इअरवर जाऊ. सगळे म्हणजे मी आणि गायिका. ड्रमरला कान बंद केलेले चालत नव्हते म्हणून त्याच्यासाठी जमिनीवर वेज, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेला मॉनिटर स्पीकर, आणि गिटारिस्टचा स्वतःचा ॲम्प त्याच्या मागे खुर्चीवर, बरोबर त्याच्या कानाच्या उंचीला. त्याच्या टोनचा प्रश्न होता म्हणे. माझ्याही टोनचा प्रश्न होता, पण बेसला टोन असतो हे मान्य करणारे लोक बँडमध्ये कमीच असतात. मी वाद घातला, मग सगळ्यांच्या मतापुढे ॲम्प गाडीतच ठेवला.

साउंड चेकला सगळं उत्तम होतं, हे मुद्दाम सांगते. माझ्या कानात बेस इतका स्पष्ट की तारेवरून बोट सरकल्याचाही आवाज यावा. दोन गाणी झाली. मग गायिकेने मॉनिटरवाल्याला, म्हणजे आम्हाला स्टेजवर काय ऐकू येतं ते सांभाळणाऱ्याला, खूण केली, तिला तिचा आवाज जास्त हवा होता, आणि त्याने डिजिटल मिक्सरवर काहीतरी केलं, बहुतेक जुना सेव्ह केलेला सीन, म्हणजे आधीची सगळी सेटिंग, लोड झाला, आणि माझा बेस गेला. माझ्या कानातून, ड्रमरच्या वेजमधून, गायिकेच्या कानातून, एका क्षणात. पीएत तो होता. समोर बसलेल्यांना काहीच कळलं नसणार.

ज्यांनी बेस वाजवलेला नाही त्यांना हे सांगणं अवघड आहे. बोटांना तार लागत असते, बेसचं लाकूड बरगडीपाशी थरथरत असतं, म्हणजे आपण वाजवतोय हे शरीराला कळतं, पण काय वाजवतोय ते कळत नाही. मी एक इअरफोन काढला. बाहेर सबवूफरचा आवाज होता, तो सगळीकडे पसरतो त्यामुळे मागे स्टेजवरही येतो, पण येतो तो १०० हर्ट्झच्या खालचा नुसता गडगडाट, त्यात सूर सापडत नाही. आणि समोरच्या भिंतीवरून परत येतो तो उशिरा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, भिंत २५ मीटर लांब धरली तर जाऊन-येऊन ५० मीटर, म्हणजे जवळपास १४५ मिलिसेकंद. १२० च्या लयीत एका ठोक्याचे चार भाग केले तर एक भाग १२५ चा असतो. म्हणजे भिंतीवरून येणाऱ्या बेसला धरून वाजवलं तर तुम्ही एका भागापेक्षा जास्त मागे पडता, आणि पडलात की पुढचा आवाज अजून मागून येतो. ड्रमरचं तेच झालं. त्याला वेजमध्ये बेस नाही, तो खोलीतल्या बेसला धरायला गेला आणि लय ओढली जायला लागली. गिटारिस्ट आपल्या ॲम्पसमोर मजेत, तो पुढे. मी ड्रमरच्या उजव्या पायाकडे बघत वाजवत होते, पेडलवर पाय पडला की नोट, बाकी सगळं सोडून दिलं.

पुढच्या गाण्याचा पहिला अंतरा फक्त बेस आणि आवाज असा बसवलेला होता. मीच बसवलेला, मला फार आवडायचा तो. गायिकेला कानात काहीच नाही, ती अंदाजाने उठली आणि अर्धा सूर वर लागली. मला ते बाहेरच्या कानाने ऐकू येत होतं. मी नोट धरून ठेवली, की कुठूनतरी तिला मिळेल. नाही मिळाली. अख्खा अंतरा ती स्वच्छ, सुरेल, चुकीच्या पट्टीत गायली, आणि मग गिटार आली आणि सगळं एकमेकांवर आपटलं. तिने माइकपासून तोंड फिरवून माझ्याकडे बघितलं. गिटारिस्टकडे नाही, मॉनिटरवाल्याकडे नाही, माझ्याकडे.

तुम्ही म्हणाल थांबवायचं होतंस. बेस मध्येच थांबला तर समोरच्यांच्या पायाखालची जमीन जाते, म्हणून नाही थांबवलं, आणि आजही थांबवणार नाही.

नंतर मागच्या खोलीत गिटारिस्टने सगळ्यांसमोर विचारलं, तू इतकी मागे का पडत होतीस? मी सांगितलं मॉनिटरमध्ये बेसच नव्हता. तो म्हणाला, बाहेर तर छान येत होता बेस. यावर काय बोलणार? बाहेर छान येत होता हेच तर माझं म्हणणं होतं. ड्रमर गप्प बसला आणि ते मला जास्त लागलं, कारण त्याला माहीत होतं. पुढे कोणाच्यातरी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग आलं, त्यात बेस ड्रमरच्या किकला, म्हणजे पायाने वाजणाऱ्या ड्रमला, चिकटून आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी ते बँडच्या ग्रुपवर टाकलं. त्यावर एक अंगठा आला. काही काळाने मी तो बँड सोडला, कारण दुसरं सांगितलं, पण खरं कारण तो अंगठा.

आता खरं बोलायचं तर त्या दिवशी ॲम्प असता तर सगळं वाचलं असतं असं मी म्हणू शकत नाही. ड्रमर वाचला असता, याची मला खात्री आहे, त्याच्या डावीकडे कॅब ठेवला असता तर त्याला भिंतीकडे बघावं लागलं नसतं. पण गायिकेच्या कानात इअरफोन घट्ट बसवलेले होते, ॲम्प असून तिला किती ऐकू आलं असतं कोण जाणे. आणि ॲम्पमुळे बिघडलेले कार्यक्रमही मी बघितलेत. छोट्या खोलीत मोठा कॅब ठेवून बेसवाला त्याला चिकटून उभा राहतो, स्पीकरमधले मिड सरळ पुढे त्याच्या पोटऱ्यांवर जातात, कानापर्यंत येतच नाहीत, मग तो आवाज वाढवतो, समोरच्या रांगेचे हाल आणि गायकाच्या माइकमध्ये सगळा बेस. साउंडवाले तेव्हा चिडतात ते बरोबरच चिडतात. म्हणून माझे कॅब आडवे कधीच नसतात, एकावर एक उभे, वरचा कानाजवळ येईल असा, आणि आवाज ड्रमरला पुरेल इतकाच. लोकांसाठी डीआय आहेच, तो मी ईक्यूच्या, म्हणजे ॲम्पवरच्या टोनच्या नॉबांच्या, आधीचा देते, म्हणजे मी स्टेजवर काहीही फिरवलं तरी साउंडवाल्याचं बिघडत नाही.

तर ॲम्प ड्रमरसाठी आहे, हे माझं उत्तर. त्यात अडचण अशी की माझा आत्ताचा ड्रमरच आता इन-इअर घ्यायचं म्हणतोय. चांगला माणूस आहे, नीट ऐकणारा आहे, त्याचे कान वाजायला लागलेत आणि डॉक्टरांनी आवाज कमी करायला सांगितलाय. यावर मी काय बोलणार, कान त्याचे आहेत. मी म्हटलं तू घे, पण ॲम्प मी तुझ्या बाजूला बारीक आवाजात चालू ठेवते, कधी कानातलं गेलंच तर एक काढ, बेस तिथे असेल. तो म्हणतो, मग स्टेज शांत कुठे झालं, आणि झांजांचा आवाज काय कमी आहे की एक कान उघडा टाकू? दोन प्रॅक्टिस झाल्या यावर वाद घालत. पुढच्या वेळी तो त्याचं स्वतःचं छोटं मिक्सर आणणार आहे, त्याच्या कानातला बेस त्याच्याच हातात राहील असं, आणि मला म्हणालाय, तू ॲम्प आण, पण चालू नको करूस. मी आणतेय. चालू करायचा की नाही ते तिथे गेल्यावर बघू.