माझ्या वर्गात क्लिऑन जिंकला

प्राचीन ग्रीक वक्तृत्व आणि राजकीय विचार हा माझा विषय. अभ्यासक्रमाच्या फॉर्मवर ‘रोजगारक्षमता’ असा रकाना असतो, तिथे मी ‘संवादकौशल्य’ लिहून मोकळा होतो. तो फॉर्म कुणी वाचत नाही, हे माझं नशीब.

यंदा ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडातली दोन भाषणं, नावं खोडून, वर्गात मोठ्यानं वाचून घेतली. प्रसंग इ.स.पू. ४२७ चा. अथेन्सच्या अंकित मिटिलिनी शहराचं बंड मोडल्यावर अथेन्सच्या सभेनं ठरवलं, तिथले सगळे प्रौढ पुरुष मारायचे, बायकामुलं गुलाम करायची. हुकूम घेऊन जहाज सुटलंही. दुसऱ्या दिवशी लोकांना ते खटकलं, सभा पुन्हा भरली. निर्णय फिरवू नका, असं क्लिऑन म्हणाला. सरसकट मारू नका, असं डायोडोटस म्हणाला. मग हात वर करून मतदान झालं आणि डायोडोटस अगदी थोडक्यात जिंकला.

माझ्या वर्गानंही हात वर केले. क्लिऑन जिंकला, आणि थोडक्यात नव्हे.

“सर, पहिला निदान न्यायाचं बोलतो. दुसरा नुसता हिशेब मांडतो,” एक मुलगी म्हणाली.

खोटं नाही. डायोडोटस सरळ सांगतो की आपण कोर्टात बसलेलो नाही. ते दोषी असले तरी मारून आपला फायदा काय? पुढचे बंडखोर शरणच येणार नाहीत, वेढे लांबतील, खर्च वाढेल, हाती आलेलं शहर उजाड असेल आणि खंडणी बुडेल. दयेला भुलू नका, असं तोही बजावतो. पण त्याला दुसरी वाट होती कुठे? दयेला क्लिऑननं आधीच घातक ठरवलेलं, आणि बंडखोरांची बाजू घेणारा लाचखाऊ असणार असा संशयही पेरून ठेवलेला. म्हणून तर डायोडोटस वैतागतो: या शहरात चांगला सल्ला देणाऱ्यालाही खोटं बोलल्याशिवाय विश्वास मिळत नाही.

“मग त्याचा हिशेबच खोटा असेल,” मागच्या बाकावरून आवाज आला. आत दया आणि वरून जमाखर्च? डायोडोटसच्या त्या खोटं बोलण्याच्या वाक्याशी अभ्यासक कधीचे झटतायत. या पोरानं ते एका तासात पकडलं. उत्तर माझ्याकडे नाही. डायोडोटसचा दुसरीकडे कुठे उल्लेखच नाही, ताडून बघणार कशाशी?

निर्णय फिरल्याचा हुकूम घेऊन पहिल्यामागे धाडलेल्या दुसऱ्या जहाजाची गोष्ट मात्र सगळ्यांना आवडली. वल्ही न सोडता दारू-तेलात कालवलेलं जवाचं पीठ खात, पाळीपाळीनं झोपत ते वेळेत पोचलं. त्यानंतरही क्लिऑनच्याच सूचनेवरून बंडाचे हजाराहून जास्त म्होरके मारले गेले, हे सांगितल्यावर हिशेबवाली मुलगी म्हणाली, “म्हणजे तिथेही तोच जिंकला की!”

एका सहकाऱ्याचा सल्ला: नावं खोडू नका, मुलं बरोबर मत देतील. नाव बघून मत द्यायला शिकवायचं तर माझी गरज काय? पुढच्या वर्षी आधी डायोडोटस वाचावा म्हणतो. पण ते भाषण क्लिऑनच्या आरोपांभोवती रचलेलं. आधी वाचलं तर तो कुणाला उत्तर देतोय हेच कळायचं नाही.