इनामगाव: आधी संग्रहालय, मग पांढरी

"महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांची घरं बघायला मिळतात, जाऊन ये," असं एका मित्राने सांगितलं. घरं दिसत नाहीत. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्याचा रविवार वाचेल.

इनामगाव पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठावर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथं खोदकाम केलं, १३० च्या आसपास घरं उजेडात आणली. आज वर गवत, बाभळी आणि शेळ्या. गावात "उत्खनन कुठे?" विचारलंत तर लोक तोंडाकडे बघतील. "पांढरीचं टेकाड" म्हणा. जुन्या वस्तीची राख, शेण, भिंतींची माती साचून जमीन पांढुरकी होते, ती पांढरी. भोवतालची शेतीची ती काळी.

आणि त्या काळीनेच माझी वाट लावली. आदल्या रात्री पाऊस झालेला. पाऊलवाटेवर दहा पावलांत बुटाला दोन किलो माती. ती काठीने खरवडायची, पुन्हा दहा पावलं, पुन्हा तेच. तासाभराने मी बूट हातात घेतले, तेव्हा बाभळीच्या काट्यांनी हिशोब पुरा केला. पाऊस पडून तीन-चार दिवस कडक ऊन झालेलं नसेल तर जाऊच नका. सँडल तर मुळीच नको.

टेकाडावर एक खापर दिसलं. नारिंगी, काठाशी काळ्या रेघा. टिचकी मारली तर धातूसारखं खणखणलं. ही जोर्वे भांडी, म्हणजे त्या जुन्या वस्तीतल्या लोकांची रंगवलेली मातीची भांडी, इतकी कडक भाजायचे, हे वाचलं होतं. कानाने ऐकलं तेव्हा पटलं. होतं तिथेच ठेवलं, तुम्हीही ठेवा.

इ.स.पू. १६०० च्या सुमारास लोक इथं राहायला आले आणि सुमारे नऊशे वर्षं टिकले. कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, धान्याचे बळद; पीक मुख्यतः जव. आधी ऐसपैस चौकोनी घरं, शेवटी शेवटी गोल झोपड्या. पाऊस कमी होऊन दिवस फिरले, असा अभ्यासकांचा अंदाज. लहान मूल गेलं की त्याला दोन मडक्यांत ठेवून, मडकी तोंडाला तोंड लावून घराच्याच जमिनीखाली पुरायचे. मोठ्यांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडायचे, मेलेला उठून चालू नये म्हणून असावं. त्या दुपारी मलाही घोट्याखाली काही शिल्लक आहे असं वाटत नव्हतं.

यातलं काहीही टेकाडावर कळत नाही. म्हणून आधी पुण्यात डेक्कन कॉलेजचं संग्रहालय बघा. इथल्या खोदकामातल्या वस्तू तिथं आहेत. वेळ फोन करून विचारा, सुट्टीच्या दिवशी हेलपाटा पडायचा. मी उलटं केलं, मंगळवारी संग्रहालयात गेलो आणि मग कळलं की रविवारी आपण कशावर उभे होतो. दोन्हीतलं एकच जमणार असेल तर संग्रहालय.

राहिली रिक्षा. शिरूरहून जाताना ७००, परतताना १२००, कारण मी बूट हातात घेऊन उभा होतो आणि रिक्षावाल्याला ते दिसत होतं. येण्याजाण्याचे आणि थांबण्याचे पैसे शिरूरलाच ठरवा. दोन बाटल्या पाणी घ्या. टेकाडावर धड सावली नाही.